म्हाताऱ्या बायांसाठी लिहिलेली भाषा



आज आम्ही ढाणकीच्या बाया तुमच्याशी भाषेच्या इतिहासाबद्दल बोलणार आहोत. भाषा म्हटलं की शाळेतलं पुस्तक आठवतं, व्याकरण आठवतं आणि हा विषय आपला नाही असं वाटतं. पण कर्जाचा कागद, रेशनचा अर्ज, बँकेतून आलेला मोबाइलवरचा मेसेज, हे सगळं कोणत्या तरी भाषेत लिहिलेलं असतं. तो कागद आपल्याला वाचता आणि समजता आला तर सही आपली आणि मर्जीही आपली. नाही समजला तर सही आपली, पण मर्जी दुसऱ्याची. म्हणून भाषा कोणासाठी लिहिली जाते, हा प्रश्न गटाच्या पैशाइतकाच आपला आहे.

हा प्रश्न नवा नाही. आपल्या विदर्भातच सातशे वर्षांपूर्वी तो विचारला गेला होता.

अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचं गाव आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथाची शिकवण लोकांच्या बोलीत, म्हणजे मराठीत सांगितली. त्यांच्यानंतर म्हाइंभटांनी स्वामींबरोबर राहिलेल्या माणसांना भेटून, त्यांच्या आठवणी विचारून ‘लीळाचरित्र’ लिहिलं. साल साधारण १२७८. मराठी गद्यातला हा अगदी सुरुवातीचा मोठा ग्रंथ. त्याच काळात महदाइसा या बाईनं रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले. धवळे म्हणजे लग्नात गायची गाणी. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

चक्रधरस्वामींनंतर नागदेवाचार्य पंथाचे प्रमुख झाले. त्यांना भटोबास म्हणत. त्यांचे शिष्य केसोबास संस्कृतात पारंगत होते आणि त्यांना संस्कृतात ग्रंथ लिहायचा होता. भटोबासांनी त्यांना थांबवलं. ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात ही हकीगत आहे. भटोबासांचं म्हणणं असं, की तू संस्कृतात लिहिलंस तर माझ्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील.

यातली गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी संस्कृत शिकण्याचा रस्ता बायांना बंद होता. तो बंद आहे म्हणून बायांना कमी लेखायचं, की लिहिणाऱ्यानं आपली भाषा बदलायची? भटोबासांनी लिहिणाऱ्याला बदलायला लावलं. भाषा बायांपर्यंत आपोआप आली नाही. कोणीतरी ठरवलं, म्हणून आली.

पण याच पंथाचा पुढचा इतिहासही सांगायला हवा. नंतरच्या पिढ्यांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी ही त्यातली प्रमुख. यात एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरी खूण लिहायची. किल्ली ज्याच्याकडे, त्यालाच वाचता यायचं. ग्रंथ जपले गेले हे खरं, पण पंथाबाहेरच्या लोकांसाठी ते कित्येक शतकं कुलूपबंद राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी ही लिपी उलगडली. म्हणजे भाषा आपली असूनही लिपीचं कुलूप लावता येतं. ही कुलूप-किल्लीची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे संगणकाच्या वेळी ती पुन्हा लागणार आहे.

आता थोडं दूर जाऊ, कोरियात. आपल्या पोरीबाळी मोबाइलवर कोरियन मालिका बघतात, त्यामुळे हे नाव घराघरात माहीत आहे. कोरियाच्या लोकांची बोली वेगळी, पण लिहायला मात्र चिनी अक्षरं होती. हजारो अक्षरं शिकायला वर्षं लागायची, आणि तेवढा वेळ श्रीमंत घरातल्या पुरुषांनाच मिळायचा. १४४३ साली सेजोंग राजानं २८ अक्षरांची नवी लिपी तयार केली आणि १४४६ साली ती लोकांसमोर मांडली. आज तिला हांगुल म्हणतात आणि तिच्यातली २४ मूळ अक्षरं वापरात आहेत. उच्चार करताना जीभ, ओठ, घसा कसा होतो, त्यावरून मुख्य व्यंजनांचे आकार बेतले. साध्या माणसाला मनातलं लिहिता यावं, हा राजाचा हेतू होता.

दरबारातल्या विद्वानांनी विरोध केला. चिनी अक्षरं सोडली तर आपण रानटी ठरू, असं त्यांचं म्हणणं. पुढची चारशेहून जास्त वर्षं सरकारी कागद चिनी अक्षरांतच राहिले. मग हांगुल जगली कोणामुळे? बऱ्याच अंशी बायांमुळे. माहेरी पाठवायची पत्रं, घरच्या रीती, कहाण्या बायांनी याच लिपीत लिहिल्या. हिणवायला तिला ‘बायांची लिपी’ असं नाव पडलं होतं. तीच आज दोन्ही कोरियांची लिपी आहे. साक्षरतेच्या कामासाठी युनेस्को जो पुरस्कार देते, त्यातला एक १९८९ पासून सेजोंग राजाच्या नावानं आहे.

आता परत आपल्याकडे येऊ. आपल्या भाषेचे नियम कोणी लिहिले? इंग्रजी राज्यात १८०५ साली विल्यम केरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं. त्यांना मदत करणारे वैजनाथ पंडित नागपूरकडचे होते. १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मोठा मराठी-इंग्रजी कोश निघाला. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ आलं. त्यावर शाळेत जाणाऱ्या कित्येक पिढ्या शिकल्या. हे मोठं काम झालं. मराठीला नियम आहेत, ती मुलांना रीतसर शिकवता येते, हे त्यातून सिद्ध झालं.

पण नियम लिहिताना कोणाची तरी बोली धरावी लागते. कोश आणि शाळेची पुस्तकं तयार झाली तेव्हा पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांचं बोलणं प्रमाण धरलं गेलं. त्यामुळे ‘मला’ बरोबर झालं आणि आपल्याकडचं ‘मले’ चूक ठरलं. खरं पाहिलं तर ‘मले’, ‘तुले’, ‘त्याले’ यांतही नियमच आहे, आणि तो कोणी मोडत नाही. बोलीचा नियम पुस्तकात लिहिला गेला नाही, एवढाच फरक. आता पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. गावोगाव जाऊन लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आहे. ज्या बोलण्याला शाळेत हसलं जायचं, त्याचा आता अभ्यास होतो.

आपल्या जिल्ह्यात आणखी भाषा आहेत. तांड्यावर गोरमाटी बोलतात, पोडावर कोलामी आणि गोंड घरांत गोंडी. कोलामी आणि गोंडी या मराठीच्या बोली नाहीत. त्या तेलुगूच्या कुळातल्या वेगळ्या भाषा आहेत. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञानं वर्धा जिल्ह्यातल्या कोलामांकडून त्यांची भाषा समजून घेतली आणि १९५५ साली तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. अभ्यास फार मोलाचा. पण पुस्तक अमेरिकेत छापलेलं आणि इंग्रजीत. ज्या आयांच्या तोंडून ती भाषा घेतली, त्यांच्या लेकरांच्या हातात ते येणार कसं? इथे भटोबासांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

पोडावरचं लेकरू पहिलीत येतं तेव्हा त्याला मोजता येतं, झाडं ओळखता येतात, गोष्ट सांगता येते, पण कोलामीत. वर्गातलं बोलणं मराठीत. ते गप्प बसतं आणि आपण म्हणतो, हे ढ आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो की शक्य तिथवर शिकवणं मुलाच्या मातृभाषेत असावं. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणतं की शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं. त्याच धोरणात मोठ्या मुलांना शिकता येतील अशा परदेशी भाषांमध्ये कोरियनचं नाव आहे. कोरियन शिकायला आमची ना नाही, पोरींनी खुशाल शिकावी. पण ‘शक्य असेल तिथे’ हे कोण ठरवणार? शाळा व्यवस्थापन समितीत आई-वडील असतात, त्यांत निम्म्या जागा बायांच्या असतात. हा प्रश्न तिथे आपणच मांडायला हवा.

आता शेवटची भाषा, संगणकाची. आपल्या हातातला मोबाइल म्हणजे छोटा संगणकच. त्याला आपली भाषा कळत नाही, त्याला नियम कळतात. गटाच्या नोंदवहीचं उदाहरण घ्या. तारीख, नाव, हप्ता, व्याज असे रकाने असतात. हप्त्याच्या रकान्यात कोणी ‘पुढच्या गुरुवारी देते’ असं लिहिलं तर सचिवताई समजून घेते. मशीन मात्र अडतं, कारण तिथे आकडाच हवा हा त्याचा नियम. म्हणून संगणकाला सांगायच्या भाषेत काय चालेल आणि काय नाही, याचे नियम आधी काटेकोर लिहावे लागतात. १९६० च्या सुमारास जॉन बॅकस आणि पीटर नाउर यांनी असे नियम लिहिण्याची एक पद्धत रूढ केली. १९६७ साली पीटर इंगरमन या अभ्यासकानं लक्षात आणून दिलं, की अशी पद्धत भारतात पाणिनीनं फार पूर्वीच वापरली होती. पाणिनीनं सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृतचे नियम बांधले, तेही दोन हजार वर्षांहून आधी. म्हणून या पद्धतीला पाणिनीचंही नाव द्यावं, असं इंगरमन यांनी सुचवलं.

संगणक अक्षरही आकड्यानंच ओळखतो. आपल्याकडे १९८८ साली भारतीय लिप्यांसाठी आकड्यांची एक पद्धत ठरली आणि १९९१ साली ती पक्की झाली. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनं संगणकावर भारतीय भाषा आणण्याचं मोठं काम केलं. पुढे जगभरासाठी युनिकोड आलं. त्यात ‘अ’चा आकडा २३०९, ‘क’चा २३२५. कोरियन लिपीला १९९६ साली त्यात ११,१७२ जोडाक्षरांचे स्वतंत्र आकडे मिळाले.

आता ‘शेतकऱ्याला’ हा आपला शब्द बघा. यातला ‘ऱ्या’ मराठीला फार लागतो, हिंदीला लागत नाही. त्यासाठी ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरावं लागतं, त्याचा आकडा २३५३. टाइप करणाऱ्याला हे माहीत नसलं की ‘शेतकर्याला’ असं उमटतं. तुम्ही असे मेसेज पाहिले असतील. एवढ्याशा आकड्यावर शब्द नीट उमटणं अवलंबून असतं. ज्या अक्षराला आकडा नाही, ते मोबाइलमध्ये शिरतच नाही. सकळ लिपीसारखीच ही किल्ली आहे, फक्त ही सगळ्यांसाठी उघडी ठेवता येते.

ती कशी उघडते याचं उदाहरण पैनगंगेपलीकडे आहे. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात गुंजाला नावाचं गाव आहे. तिथे गोंडी लिपीतल्या जुन्या पोथ्या मिळाल्या. ती लिपी वाचू शकणारी माणसं थोडीच उरली होती, तीही वयानं मोठी. अभ्यासक त्यांच्याकडे गेले, अक्षरं समजून घेतली, आणि २०१८ साली गुंजाला गोंडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. त्याआधी २०१७ साली मसराम गोंडी लिपीला मिळाली होती. जाणत्या म्हाताऱ्या माणसांना कोणीतरी विचारलं, म्हणून हे झालं. म्हाइंभटांनीही हेच केलं होतं.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. मान मिळाला, आनंदच आहे. पण गावातल्या म्हातारीला कागद समजतो का, हे पाहणं अजून बाकी आहे. त्यासाठी गटानं तीन गोष्टी कराव्यात, असं आम्हाला वाटतं.

पहिली गोष्ट, न समजलेल्या कागदावर सही करायची नाही. मराठी ही १९६४ च्या कायद्यानं राज्याची राजभाषा आहे. बँकांनी ग्राहकांचे छापील कागद हिंदी, इंग्रजी आणि राज्याच्या भाषेत ठेवावेत, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. म्हणून ‘मराठीतला कागद द्या’ असं म्हणायला लाजू नका. बैठकीत तो मोठ्यानं वाचा, आणि सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारा, समजलं का?

दुसरी गोष्ट, गटातल्या कोलाम, गोंड, बंजारा बहिणींना बैठकीत त्यांच्या भाषेत बोलू द्या. दुसरीनं मराठीत सांगावं. वेळ थोडा जास्त लागेल, पण हिशेब सगळ्यांचा होईल.

तिसरी गोष्ट, गावातल्या जाणत्या बायांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन, त्यांचे शब्द मोबाइलवर रेकॉर्ड करा. बियाण्यांची नावं, रानभाज्यांची नावं, बाळंतिणीच्या औषधांची नावं, पेरणीची गाणी. कोणत्या गावच्या, कोणत्या भाषेतल्या, तेही सांगून ठेवा.

आपले शब्द पुस्तकात आणि मशीनमध्ये जातील की नाही, हे कोणीतरी ठरवणारच आहे. ठरवणाऱ्यांत आपण असू या.