तळटीप : फायबरच्या होडीवरील कडी
७. तोरणमाळच्या (जि. नंदुरबार) यशवंत तलावात नौकाविहार चालतो; लेखकाला अभिप्रेत असलेली ‘कडी’ म्हणजे होडी बांधून ठेवण्याची धातूची कडी. फायबरच्या होडीचे कवच काचतंतू व रेझिनच्या थरांचे असते. काही होड्यांत मधे प्लायवूड किंवा बाल्सा लाकूड असते. कडी बसवण्याच्या बोल्टच्या भोकातून पाणी मुरले, की हे लाकूड आतून कुजते. म्हणून भोक आधी मोठे पाडून इपॉक्सीने भरतात व इपॉक्सी कडक झाल्यावर बोल्टच्या मापाने भोक पुन्हा पाडतात. भोकाची वरची कड तासून तिथे पॉलियुरेथेन सीलंट भरतात. खालून रुंद पट्टी देऊन, बोल्ट न फिरवता फक्त नट आवळतात. सगळे सीलंट बाहेर येईल इतके आवळल्यास सांधा गळतो. – संपा.