तिरंगा बेझवाड्याचा की जबलपूरचा?

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये सुभद्राकुमारी चौहानांचं नाव निघालं की गाडी झाशीच्या राणीवर जाते. तांब्यांच्या मनूला हिंदी मुलखात घरोघर पोचवणारी कवयित्री म्हणून इथल्या आम्हा मराठी मंडळींना त्यांचा जरा जास्तच जिव्हाळा. मला मात्र वेड लागलंय ते त्यांच्या दुसऱ्या कामाचं : १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाचं.

तिरंग्याची कुळकथा सहसा १९२१ च्या बेझवाड्यापासून सांगतात. पिंगली वेंकय्यांनी लाल-हिरवा झेंडा गांधीजींना दाखवला, लाला हंसराजांनी चरखा सुचवला, गांधीजींनी पांढरा पट्टा वाढवला. ठीक. पण काँग्रेसने तेव्हा तो रीतसर मंजूर केलाच नव्हता. तसा ठराव झाला १९३१ मध्ये, तोही रंग बदलून. मग मधल्या दहा वर्षांत ते खादीचं कापड ‘राष्ट्रीय’ झालं कशाने? माझं उत्तर : बंदीने. आणि बंदीची सुरुवात जबलपूरची.

नगरपालिकेच्या टाऊन हॉलवर, म्हणजे आजच्या गांधी भवनावर, हा झेंडा फडकला आणि प्रकरण थेट लंडनच्या पार्लमेंटात गेलं. पुन्हा असं होता कामा नये, असा हुकूम सुटला. १८ मार्च १९२३ ला, गांधीजींच्या शिक्षेला वर्ष झालं त्या दिवशी, पंडित सुंदरलालांनी झेंड्याची मिरवणूक काढली. सहा महिन्यांची कैद भोगली. साहेबाला कापड एवढं झोंबलं नसतं, तर आपल्यालाही ते इतकं जवळचं वाटलं नसतं.

नागपूरकर हे मानायचे नाहीत. खरा सत्याग्रह १ मेपासूनचा, जमनालाल बजाजांचा. झेंडा सिव्हिल लाइन्समधून नेण्यासाठी दीड हजारांवर माणसं तुरुंगात गेली. वल्लभभाई आले आणि १८ ऑगस्टला मिरवणूक पार पडली. संख्या त्यांची, कबूल. पण तिथे अटक करवून घेणारी पहिली बाई कोण? जबलपूरहून गेलेल्या सुभद्राकुमारीच! ठिणगी कुठली, ते यावरून ओळखावं.

२२ जुलै १९४७ ला संविधान सभेत चरखा जाऊन अशोकचक्र आलं. नेहरूंनी सांगितलेलं एक कारण अगदी व्यवहारी होतं : चाती एका बाजूला आणि चाक दुसऱ्या, त्यामुळे झेंड्याच्या मागून चरखा उलटा दिसतो. टाऊन हॉलवरचा झेंडाही निम्म्या जबलपूरने उलटाच पाहिला असणार, आणि त्याला टाळ्या तेवढ्याच पडल्या असणार.