वेळूच्या कंठांतील सूर

ऑर्गन म्हटलें कीं, आपल्याकडील श्रोत्यांस प्रथम आठवते ती संगीत रंगभूमि. परंतु नाटकगृहांतील तें वाद्य आणि ख्रिस्तमंदिरांतील नळ्यांचा ऑर्गन यांत मोठा भेद आहे. पहिल्यांत वाऱ्याच्या योगानें धातूच्या पट्ट्या कंप पावतात. दुसऱ्यांत प्रत्येक सुरासाठीं स्वतंत्र नळी असते, आणि भात्याचा वारा तींत शिरला म्हणजे ती बासरीप्रमाणें बोलूं लागते. या नळ्या बहुधा कथील-शिशाच्या किंवा लांकडाच्या करितात. फिलिपाइन्स देशांत, मनिलाच्या दक्षिणेस असलेल्या लास पिन्यास शहरांतील संत जोसेफ यांच्या चर्चमध्यें मात्र असा एक ऑर्गन आहे कीं, ज्याच्या १०३१ नळ्यांपैकीं ९०२ चक्क वेळूच्या आहेत.

हें वाद्य घडविणारे दिएगो सेरा हे स्पेनमधून आलेले धर्मगुरु. १७९५ सालीं ते लास पिन्यासला आले, तेव्हां तें एक लहानसें खेडें होतें. तेथें त्यांनीं दगडी चर्च उभारिलें, आणि १८१६ सालीं ऑर्गनचें काम हातीं घेतलें. त्या प्रदेशांत वेळू हवा तितका मिळे. परंतु वेळूचा शत्रु म्हणजे कीड. म्हणून सेरा यांनीं तोडलेले वेळू कित्येक महिने समुद्रकांठच्या वाळूंत पुरून ठेविले. या परीक्षेंतून जे निभावले, तेवढेच वाद्यासाठीं निवडिले. १८२१ च्या सुमारास ऑर्गन वाजूं लागला. तथापि तुतारीसारखा तेजस्वी, खणखणीत आवाज वेळूंतून निघेना. त्यासाठीं धातूच्या नळ्या बसविल्या, आणि १८२४ सालीं काम पूर्ण झालें. पाण्यांत तोंड बुडवून पक्ष्यांसारख्या किलबिलणाऱ्या चिमुकल्या नळ्याहि त्यांत आहेत!

सेरा १८३२ सालीं निवर्तले. पुढें भूकंप आणि तुफानें यांनीं चर्चची व वाद्याची दैना केली. नळ्या काढून ठेवाव्या लागल्या. मधून मधून डागडुजी होई, पण पूर्वीचा स्वर परत येईना. अखेर १९७३ सालीं तो ऑर्गन खोलून जर्मनींतील बॉन शहरीं क्लाइस यांच्या प्रख्यात कारखान्यांत पाठविण्यांत आला. येथें एक नवाच पेंच उभा राहिला. उष्ण, दमट हवेंत वाढलेला वेळू युरोपच्या कोरड्या हवेंत तडकावयाचा! म्हणून कारागिरांनीं फिलिपाइन्सच्या हवेसारखी ऊब व ओलावा राखणारी एक खोलीच त्याच्यासाठीं सिद्ध केली. इकडे गांवीं चर्चचाहि जीर्णोद्धार चालू होता. १९७५ सालीं वाद्य स्वगृहीं परतलें, आणि त्या वर्षींच त्याचे सूर पुन्हां घुमले. २००३ सालीं त्यास राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा मान मिळाला. सेरा यांचें नांव धारण करणारी, ऑर्गन बांधणारी एक कर्मशाळाहि आतां त्याच शहरांत आहे. जें वाद्य दुरुस्त करण्यास एकदां दूर देशीं न्यावें लागलें, त्याची निगा राखणारे हात गांवांतच तयार झाले, ही गोष्ट लहान नव्हे.

दगडी भिंती खचल्या, पण वाळूंत पुरलेला वेळू दोनशें वर्षें टिकला. तो केवळ आपल्या गुणानें टिकला काय? नाहीं. प्रत्येक पिढींत कोणीतरी तुटक्या नळ्या टाकून न देतां जपून ठेविल्या, म्हणूनच पुढच्या पिढीस त्या पुन्हां जुळवितां आल्या. आपल्याहि देवळांतून आणि वाड्यांतून मुकीं झालेलीं वाद्यें पडून असतील. तीं मोडींत काढण्यापूर्वीं या वेळूच्या ऑर्गनचें स्मरण व्हावें.