अर्धमाणसाळलेल्या मांजराचे स्थलांतर

पुनर्विकासासाठी चाळ रिकामी होते तेव्हा भाडेकरूंची सोय संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या खोलीत लागते. जिन्याखाली वाढलेल्या मांजरांची लागत नाही. ठरलेल्या वेळी ठरलेल्या हातचे सुकट खाणारी, पण उचलू न देणारी ही मांजरे पाळीव नसतात आणि पुरती रानटीही नसतात. त्यांना नवे घर मिळवून देता येते. मात्र माणसाआधी त्यांचा जीव जागेवर जडलेला असतो, हे ओळखूनच ते काम करावे लागते.

पिल्लू माणसाळते ते मुख्यतः वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. या काळात रोज हाताळलेले पिल्लू पुढे फ्लॅटमध्येही सुखाने राहते. मात्र त्यासाठी आठ आठवड्यांआधी ते आईपासून तोडू नये. आईजवळ असतानाच त्याला हाताची सवय लावावी. प्रौढ बोक्याचे तसे नसते. तो माणसाला सहन करायला शिकेल, मांडीवर येईलच असे नाही. त्याला गोठा, गोदाम, रोपवाटिका अशी आडोशाची आणि कुणीतरी रोज खाऊ घालील अशी जागा अधिक मानवते.

मांजर गाल, पंजे आणि अंग घासून आपला परिसर गंधाने आखते. ही आखणी पुसली गेली की ते बिथरते. पोत्यात घालून लांब सोडलेले मांजर परत आल्याच्या गोष्टी घरोघरी ऐकू येतात. फ्रान्सिस हेरिक या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये मांजरीच्या परतण्याच्या क्षमतेवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातली मांजरी काही मैलांवरून पिल्लांकडे परतली होती. पण परतणाऱ्यांच्याच गोष्टी होतात. न परतणारी वाटेत गाडीखाली येतात, उपाशी मरतात, आणि त्यांची मोजदाद कुणी करत नाही. असे सोडून देणे मला क्रौर्यच वाटते.

म्हणून नव्या जागी मांजराला आधी बंद ठेवावे. निर्बीजीकरण आणि लसीकरण उरकून तीन ते चार आठवडे जाळी लावलेल्या खोलीत किंवा मोठ्या पिंजऱ्यात ठेवावे. लपायला खोके द्यावे आणि जुन्या जागेचे गोणपाट न धुता द्यावे, कारण त्याला आपला वास तेवढाच ओळखीचा असतो. खाणे एकाच वेळी आणि एकाच हाकेसह द्यावे. एकत्र वाढलेली दोन मांजरे जोडीने हलवली तर बरे.

एवढे करूनही एखादे निसटते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हजाराहून अधिक हरवलेल्या मांजरांच्या अभ्यासात सापडलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मांजरे निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आतच होती. त्यातली बहुतेक पाळीव होती, तरी शोधाची दिशा त्यातून कळते. भेदरलेले मांजर हाकेला ओ देत नाही. ते दोन इमारतींपलीकडे दबा धरून बसलेले असते. तेव्हा फलक लावून थांबू नये. रात्री उशिरा बॅटरी आपल्या डोळ्यांलगत धरून पंपघर, मीटरची खोली, उभ्या गाड्यांच्या खालची जागा, जिन्यामागचा कोपरा स्वतः पाहावा. डोळ्यांच्या पडद्यामागचा थर उजेड परतवतो, त्यामुळे दोन चमकते ठिपके दिसतात. जागा कळली की तिथेच खाणे ठेवून सापळ्याचा पिंजरा लावावा. जुन्या जागेच्या रखवालदारालाही सांगून ठेवावे.

मांजर सापडत नाही तेव्हा खाऊ घालणाऱ्याचे दुःख विचित्र असते. मृत्यू झाल्याचे ठाऊक नाही, म्हणून रडता येत नाही. आणि ‘मांजरच ते, येईल’ असे म्हणणारे भोवती असतात. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना पॉलीन बॉस यांनी अशा अनिश्चित वियोगाची मांडणी केली. त्यात आशा आणि शोक एकाच वेळी मनात असतात, आणि ते मनाच्या दुबळेपणाचे लक्षण नव्हे. ‘मी हलवले म्हणून गेले’ ही बोचणीही तपासून पाहावी: हलवले नसते तर ते राडारोड्यातच राहिले असते.

हरवलेल्या मांजरांच्या वर सांगितलेल्या अभ्यासात तीन महिन्यांनंतर जिवंत सापडलेली मांजरे फार थोडी होती. तोवर जोमाने शोधावे. पुढे शोध आवरता घेतला, तर तो त्या जिवाशी केलेला दगा समजू नये.