मावळच्या रानाचे साक्षीदार

मळवली स्टेशनाच्या उत्तरेस कार्ल्याचीं लेणीं आहेत, दक्षिणेस भाज्याचीं. भाज्याच्या पाठीशीं लोहगड व विसापूर उभे आहेत. या डोंगरांवर पूर्वीं रान केवढें होतें, तें केव्हां तुटलें, आणि आतां तेथें कोणतीं झाडें लावावीं, हा वाद नेहमीं निघतो. मतें सांगणारे पुष्कळ भेटतात, आधार दाखविणारे थोडे.

सर्वांत जुना आधार लेण्यांतच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छतास सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या लाकडी कमानी अद्याप आहेत. सूक्ष्मदर्शकाखालीं लाकडाची जात ओळखतां येते. पण तें झाड कोणत्या डोंगरावर वाढलें, हें तेवढ्यानें कळत नाहीं. तेथील शिलालेखांत करजिक हें गांव भिक्षूंस दान दिल्याची नोंद आहे. तीवरून वस्ती सिद्ध होते, रानाचा विस्तार नव्हे.

छापील साधनांत जेम्स कॅम्बेल यांनीं संपादिलेलें, १८८५ सालचें पुणें जिल्ह्याचें गॅझेटियर आधीं पाहावें. जंगल, शेती व पाऊस यांची माहिती त्यांत एकत्र मिळते. परंतु खंडाळा ते पुणें आगगाडी १८५८ सालींच सुरू झाली होती. म्हणजे हें वर्णन आगगाडी येऊन सत्तावीस वर्षें लोटल्यानंतरचें, आणि तेंहि सरकारी कारभाराच्या दृष्टीनें लिहिलेलें आहे. त्यास मूळ स्थिति समजणें योग्य नव्हे.

झाडांच्या जातींसाठीं थिओडोर कुक यांचा, १९०१ ते १९०८ या काळांत निघालेला, मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा ग्रंथ आहे. कोणती वनस्पति कोठें व कोणास आढळली, याच्या नोंदी त्यांत आहेत. मात्र अनेक शास्त्रीय नांवें पुढें पालटलीं, म्हणून जुनें नांव नव्याशीं ताडून घ्यावें लागतें. त्यानंतर माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांचा पश्चिम घाटांतील देवरायांवरील १९७६ सालचा लेख वाचावा. देवाच्या धाकानें राखलेली राई जुन्या रानाचा नमुना दाखविते. परंतु सबंध डोंगर तसाच होता, असें तीवरून म्हणतां येत नाहीं.

एकाच साधनावर विसंबलें, तर पठारावरचा मूळचा गवताळ सडा उजाड ठरतो व तेथें परकीं झाडें लावलीं जातात. यासाठीं लेख, लांकूड, गॅझेटियर, वनस्पतिग्रंथ व देवराई यांच्या साक्षी एकमेकींशीं पडताळाव्या, आणि मगच कुदळ हातीं घ्यावी.