प्लेगची लस आणि तुलनेचा न्याय

एखाद्याने औषध घेतले आणि तो बरा झाला, एवढ्यावरून औषधाचा गुण सिद्ध होतो काय? औषध न घेता त्याचे काय झाले असते, हे कोणीच पाहिलेले नसते. म्हणून आपण त्याच्यासारखाच, पण औषध न घेतलेला दुसरा माणूस शोधतो. सारी मेख त्या ‘सारखाच’ या शब्दात आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. आपखुशीने पुढे आलेल्या १४७ कैद्यांस लस टोचली. त्यांतले दोघे आजारी पडले, दगावला कोणीच नाही. न टोचलेल्या १७२ जणांत १२ आजारी पडले व ६ दगावले. आकडे बोलके खरे. पण पुढे आलेले कैदी मुळातच धडधाकट आणि सावध नसतील कशावरून? मग यश लसीचे की माणसांचे?

या शंकेस उत्तर मिळाले १८९८ साली, बडोद्याजवळच्या उंढेरा गावी. तेथे हाफकिन यांनी प्रत्येक घरातील सुमारे निम्म्या माणसांस लस टोचली. छप्पर एक, चूल एक, घरातले उंदीरही तेच! पुढे ज्या २८ घरांत प्लेग आला, तेथील टोचलेल्या ७१ जणांत ३ मृत्यू झाले. न टोचलेल्या ६४ जणांत २६.

हा धडा जगाने पुन्हा गिरवला. अमेरिकेत पाळी गेल्यानंतर हार्मोनची औषधे घेणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार कमी आढळे, म्हणून ती औषधे हृदयरक्षक मानली गेली. परंतु त्या स्त्रिया बहुधा सुस्थितीतल्या व प्रकृतीस जपणाऱ्या असत. २००२ साली सोळा हजारांहून अधिक स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्यागत वाटणी करून केलेल्या चाचणीचा निकाल आला, तेव्हा दोन हार्मोनांच्या त्या मिश्रणाने हृदयाचे रक्षण होत नाही, असेच दिसले.

आज रुग्णालयांत नोंदींचे डोंगर साचले आहेत. त्यांतून ज्ञान निघेल. पण ढीग मोठा झाला म्हणून तुलना न्याय्य होत नाही. औषध कोणास मिळाले आणि का मिळाले, हे आधी विचारले पाहिजे. उंढेऱ्यातील त्या २६ मृतांचे आपल्यावर एवढे तरी ऋण आहे.