बोरी बुद्रुक येथील उत्खातभूमी

बोरी बुद्रुक येथील उत्खातभूमी हा पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी असलेला घळींचा प्रदेश आहे. नदीने साठविलेल्या जाड गाळात पावसाच्या पाण्याने खोदलेल्या घळी, त्यांच्या उभ्या कडांवर दिसणारे तपकिरी, पिवळसर व तांबूस थर आणि त्यांमध्ये असलेला ज्वालामुखीच्या राखेचा फिकट करडा थर, ही या प्रदेशाची वैशिष्ट्ये आहेत. ही राख महाराष्ट्रातील ज्वालामुखीची नाही. ती तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची आहे. राखेच्या सान्निध्यात अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडल्यामुळे या गावाचे नाव जगभरच्या पुरातत्त्वज्ञांना व भूशास्त्रज्ञांना परिचित आहे. पुणे जिल्ह्यात मात्र ते तितके परिचित नाही.

गावाच्या नावातील 'बुद्रुक' हा शब्द फारसी 'बुजुर्ग' (मोठा) यावरून आला आहे.

उत्खातभूमी म्हणजे काय

मऊ गाळाच्या किंवा मातीच्या भूमीत ओघळींचे दाट जाळे निर्माण होऊन ती शेतीस व वाहतुकीस निरुपयोगी झाली, की तिला उत्खातभूमी म्हणतात. इंग्रजीतील 'बॅडलँड्स' या शब्दाचा वापरही मराठीत रूढ आहे. भारतात चंबळ खोऱ्यातील बीहड हे तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. महाराष्ट्रात तापी व प्रवरा या नद्यांच्या खोऱ्यांत अशा भूमीचे मोठे पट्टे आहेत. कुकडीकाठचा पट्टा त्या मानाने लहान आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 'डेथ व्हॅली' या राष्ट्रीय उद्यानात 'आर्टिस्ट्स ड्राइव्ह' नावाचा सुमारे १४ किलोमीटर लांबीचा एकेरी रस्ता आहे. गुलाबी, हिरव्या व जांभळ्या टेकड्यांमधून जाणारा हा रस्ता आणि जवळच्या 'गोल्डन कॅन्यन'मधील पायवाट पाहण्यासाठी जगभरातून प्रवासी येतात. तेथील रंगही मुख्यतः ज्वालामुखीजन्य खडकांतील लोह व इतर धातूंच्या रासायनिक बदलांमुळे उमटले आहेत. त्या प्रदेशास १९३३ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. बोरीचे रंग इतके भडक नाहीत. वाळवंटही येथे नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा कमी पावसाचा मुलूख आहे. थरांत दडलेल्या इतिहासाच्या बाबतीत मात्र बोरी कोठेही कमी पडत नाही.

भूरचना

पश्चिम महाराष्ट्राचा पाया बेसाल्ट या काळ्या खडकाचा आहे. कुकडी नदी जुन्नरच्या पश्चिमेस सह्याद्रीत उगम पावते आणि माणिकडोह व येडगाव या धरणांवरून पूर्वेकडे वाहत येते. भूतकाळात हवामान बदलले, तसा नदीचा स्वभावही बदलत गेला. कधी तिने गोटे व वाळू आणून टाकली, तर कधी बारीक गाळ पसरला. पुढे तिने स्वतःच्याच गाळात खोल पात्र कोरले आणि काठावरचा जुना गाळ उंचावर उघडा पडला. पावसाळ्यात या उंच काठांवरून उतरणारे पाणी आधी चर पाडते, मग ओघळ आणि शेवटी घळ. गाळातील चुनखडीच्या गाठी काही थरांना घट्ट धरून ठेवतात, म्हणून कडा ढासळल्या तरी उभ्या राहतात. वर्षातील आठ महिने कोरडी राहून तापलेली व भेगाळलेली जमीन आणि त्यानंतर थोड्या दिवसांत कोसळणारा पाऊस ही परिस्थिती घळी वाढण्यास पोषक ठरते. झाडोरा तुटला व चराई वाढली की त्यांचा वेग आणखी वाढतो.

राखेचा थर ओळखण्यास विशेष ज्ञान लागत नाही. तळाशी गोट्यांचा व वाळूचा थर असतो, वर तपकिरी गाळ. त्यांच्यामध्ये फिकट करडा, जवळजवळ पांढरा पट्टा दिसतो, तोच राखेचा. कोरडी राख बोटांत चोळली असता पिठासारखी हलकी, पण किंचित खरखरीत लागते. तिचे कण वस्तुतः काचेचे सूक्ष्म तुकडे आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली ते फुटलेल्या बुडबुड्यांच्या कवचांसारखे दिसतात. थराची जाडी सर्वत्र सारखी नाही. याचे कारण असे, की आकाशातून पडलेली राख पावसाने वाहून आणून सखल जागी पुन्हा साचविली आहे. ही गोष्ट पुढील वादाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

राखेचे वय आणि हत्यारांचा प्रश्न

बोरीच्या राखेचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील संशोधकांनी सुरू केला. शरद राजगुरू, शीला मिश्रा, रवी कोरीसेट्टर आदींचा त्यात प्रमुख वाटा आहे. येथे बेसाल्टसारख्या खडकापासून घडविलेल्या हातकुऱ्हाडी व रुंद धारेची तोडहत्यारे आढळली. अशा हत्यारांना अ‍ॅश्युलियन परंपरेची हत्यारे म्हणतात. ती पूर्व पुराश्मयुगातील असून आधुनिक मानवाच्या आधीच्या मानवजातींनी घडविली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

दगडी हत्याराचे वय थेट ठरविता येत नाही. ज्वालामुखीच्या राखेचे मात्र ठरविता येते. म्हणून राखेचे वय कळले, की तिच्या खालच्या थरातील हत्यारे त्याहून जुनी, एवढे तरी निश्चित सांगता येते. १९८९ मध्ये पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने हे वय सुमारे १४ लाख वर्षे असल्याचे प्रसिद्ध झाले. ते खरे असते, तर भारतीय उपखंडातील मानवाच्या अस्तित्वाचा तो त्या वेळचा अत्यंत प्राचीन पुरावा ठरला असता. १९९५ मध्ये सुधारित आर्गॉन पद्धतीने ६ लाख ७० हजार वर्षे हा आकडा पुढे आला. १९९८ मध्ये वेस्टगेट व सहकाऱ्यांनी काचकणांच्या रासायनिक घडणीवरून असे प्रतिपादन केले, की भारतीय द्वीपकल्पावरील टोबाची सर्व राख सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाचीच आहे.

चौदा लाखांपासून पाऊण लाखापर्यंतची ही घसरण पाहून सामान्य वाचक गोंधळतो. यात कोणी लबाडी केली असे नव्हे. राख वाहून पुन्हा साचली असल्यामुळे तिच्यात जुन्या खडकांचे कण मिसळतात आणि ते कण मोजणीत शिरले तर वय फुगते. उलट बाजूने काही संशोधक असे दाखवून देतात, की टोबाचा उद्रेक एकदाच झालेला नाही. सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीही तेथे मोठा स्फोट झाला होता, आणि बोरीची राख त्याची असणे शक्य आहे. राख ७५ हजार वर्षांची मानली, तर खालची हत्यारे त्याहून जुनी एवढेच म्हणता येते. किती जुनी, हे राख सांगू शकत नाही. वाद अद्याप मिटलेला नाही. बारामती तालुक्यातील मोरगाव येथे कऱ्हा नदीकाठी मिळालेल्या राखेबाबतही असाच मतभेद आहे.

टोबाचा सर्वांत अलीकडचा महास्फोट हा गेल्या वीस लाख वर्षांतील पृथ्वीवरील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक होय. त्याच्या मुखाच्या जागी आज सुमारे १०० किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. त्याची राख मध्य प्रदेशात शोण नदीच्या खोऱ्यात आणि आंध्र प्रदेशात ज्वालापुरम येथेही सापडते. ज्वालापुरम येथे ती धुण्याच्या भुकटीसाठी खणून नेली जात होती!

प्रवास

पिंपरी-चिंचवडमधील चिखलीहून बोरीला सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते. मोशी येथे पुणे–नाशिक महामार्गास लागावे. मोशीनजीक इंद्रायणी, चाकणच्या पुढे भामा, राजगुरुनगरला भीमा, कळंबला घोड आणि नारायणगावला मीना अशा नद्या ओलांडत हा मार्ग उत्तरेस जातो. या सर्वांचे पाणी शेवटी भीमेसच मिळते. चाकणचे कारखाने मागे पडले की डोंगर जवळ येतात. नारायणगावानंतर महामार्ग सोडून पूर्वेकडील ग्रामीण रस्त्याने बोरी गाठावी. खोडद येथील जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण तेथून जवळच असून तिच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या रस्त्यावरूनही दिसतात. एकाच परिसरात पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीची राख आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेले आकाशातील संदेश टिपणारे यंत्र असावे, हा योग विद्यार्थ्यांना दाखविण्याजोगा आहे.

घळींत आखीव पायवाट नाही. शेताचे बांध आणि शेळ्या-मेंढ्यांच्या वाटा याच पायवाटा. बरीचशी जमीन खासगी मालकीची आहे, म्हणून उतरण्यापूर्वी शेतकऱ्याची परवानगी घ्यावी. बहुधा तोच राखेची जागा दाखवितो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात गाळ निसरडा होतो आणि कडा अचानक कोसळतात, तेव्हा कड्याच्या टोकावर किंवा अगदी पायथ्याशी उभे राहू नये. जुन्नर तालुक्यातील उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर मोठा आहे. दिवस मावळण्याआधी घळींतून बाहेर पडावे, मुलांना एकटे सोडू नये.

घळीत एखादे हत्यार दिसले तर ते उचलू नये. कोणत्या थरात, किती खोलीवर होते, हे माहीत असेपर्यंतच ते पुरावा असते. जागेवरून हलविले की तो एक धारदार दगड उरतो. शक्य तर छायाचित्र घेऊन, जागेची नोंद करून डेक्कन कॉलेजला कळवावे.

सद्यःस्थिती

कालव्याचे पाणी, वीजपंप आणि माती सरकविणारी यंत्रे आल्यावर पश्चिम महाराष्ट्रातील उत्खातभूमी झपाट्याने सपाट होऊ लागली. प्रवरेच्या खोऱ्यात घळींच्या जागी ऊस उभा राहिल्याचे उपग्रहचित्रांच्या अभ्यासातून दिसून आले आहे. पडीक जमीन लागवडीखाली आणणाऱ्या शेतकऱ्यास दोष देणे अन्यायाचे होईल. ज्याच्या वाट्याला घळच आली, त्याने ती किती पिढ्या तशीच ठेवावी? तथापि एक थर एकदा नांगरला गेला, की तो परत मिळत नाही, आणि वयाचा वाद सोडविण्यास लागणारा नमुना नेमका त्याच थरात असू शकतो. संपूर्ण प्रदेश राखून ठेवणे व्यवहार्य नसले, तरी राखेच्या निवडक कडा मालकास योग्य मोबदला देऊन जतन करता येण्याजोग्या आहेत.

बोरीहून नदीच्या प्रवाहासोबत पूर्वेकडे गेल्यास पारनेर तालुक्यातील निघोज येथे याच कुकडीने कठीण बेसाल्टात कोरलेले प्रसिद्ध रांजणखळगे लागतात. पलीकडच्या तीरावर शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आहे. निघोजला जाणाऱ्या शालेय सहलींना वाटेत बोरी पाहून पुढे जाणे शक्य आहे. तसे केल्यास तेच पाणी मऊ गाळात घळ आणि खडकात रांजण कसा कोरते, हे एका दिवसात दोन्ही ठिकाणी पाहता येते.